हेडफोनमध्ये न आलेले दोन शब्द

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, माझा आग्रह नाही.

भुतं म्हणे रात्रीच येतात. येऊ देत बापडी! माझ्या बाबतीत जे झालं ते भर दुपारी झालं. शुक्रवार होता, सुट्टीचा. २००७ सालचा जुलै. सौदीतलं तबूक, शहराबाहेरचा आमच्या कंपनीचा कॅम्प.

बाहेर असं ऊन की पत्र्याला हात लावला तर साल निघावी.

आणि माझे हातपाय मात्र गार पडले होते.

मी दौलत. लांज्याकडचा. कॅम्पात एसीची कामं बघायचो. माझ्या खोलीत सुरेश होता, शेजारच्या गावचा, शटरिंगचा सुतार. दोघांनाही जाखडीचं, म्हणजे आमच्या कोकणातल्या नाचगाण्याचं, वेड. मी शाहीर, तो झीलकरी. म्हणजे मी ओळ म्हणायची आणि त्याने मागून ती उचलून धरायची.

तिथे ढोलकी बडवायची सोय नाही. मोठ्याने गायलो आणि कुणी वर कळवलं तर खलास. म्हणून मी एक जुना कॉम्प्युटर आणि माइक जमवला होता. हळू गायचं, रेकॉर्ड करायचं, फूटपाथवरच्या हेडफोनने ऐकायचं. सुट्टीवर जाताना गावी सीडी न्यायची, असा बेत होता.

जूनमध्ये सुरेश गेला.

साइटवर उन्हात कोसळला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं.

मयत तिथल्याच शवागारात ठेवली. मग सुरू झाले कागद. कफीलची म्हणजे तिथल्या मालकाची सही, इकामा म्हणजे राहायचा परवाना, एम्बसी... ज्याला विचारावं तो म्हणे उद्या. आमचे फोरमन हुसेनमियाँ, म्हसळ्याचे, रोज चपला झिजवत होते बिचारे.

आता आमच्या कॅम्पाची एक रीत सांगतो. कुणी मेला तर मयतीचं तिकीट हातात येईपर्यंत घरी कळवायचं नाही. आजारी आहे सांगायचं. ही रीत दुष्टपणाची नाही हं. मयत यायला महिना लागतो, कधी तीन. तेवढे दिवस घरच्यांनी काय करायचं? ना अग्नी देता येत, ना दिवस घालता येत.

त्यात सुरेशची बायको अलका पोटुशी. आठवा महिना.

दर शुक्रवारी दुपारी तिचा मिस कॉल यायचा. मी उलटा फोन लावायचो.

"भावोजी, ह्यांना फोन द्या ना."

"अगं, घशात नळी घातलीय. बोलता येत नाही."

दोन शुक्रवार असे ढकलले. तिसऱ्या शुक्रवारी ती रडली नाही. अगदी शांतपणे म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मला ह्यांचा आवाज ऐकवा. एक शब्द पुरे. नाहीतर मी काय ते समजेन."

घरचे सांगत होते, ती जेवत नाही. पोटातलं पोर हलेनासं झालंय. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना ताकीद दिली होती, हिला धक्का बसता कामा नये.

हुसेनमियाँ माझ्या खाटेवर येऊन बसले.

"दौलत, तुझ्या त्या मशीनमध्ये त्याचा आवाज आहे ना रे?"

"आहे. पण तो गातोय."

"मधेमधे बोलला असेल की! दोन शब्द काढ. बरा आहे, एवढंच. दोन जीव आहेत बाबा तिकडे."

मला नाही पटलं. तोंडावर सांगितलंही. मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे म्हणजे काय! पण दुसरं काय करायचं, ते मलाही सुचेना.

अडचण अशी की रेकॉर्डिंगवर एसीची घरघर. माझ्या त्या हेडफोनमधून नुसतं ढबढब ऐकू यायचं. शब्द कुठे संपतो आणि घरघर कुठे सुरू होते, काही कळायचं नाही. म्हणून मी रियाधला मोहियुद्दीनला फोन केला. हा रत्नागिरीकडचा, तिथल्या अल मलाझ भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होता.

"स्टुडिओचे हेडफोन हवेत. पण खिशाला झेपतील असे."

"गाणी ऐकायला की काम करायला?" त्याने विचारलं. "ऐकायचे असतात ना, ते सगळं गोड करून सांगतात. बास, म्हणजे ढबढब, वाढवतात. कामाचे असतात ते जसं आहे तसं सांगतात. खोटं बोलत नाहीत."

"कामाचेच दे."

"मग मागून बंद असलेले घे. उघड्यांचा आवाज मोकळा लागतो, पण तुझ्या खोलीत एसी. बंद घेतलेस तर बाहेरचं काही आत यायचं नाही. आणि नावाच्या मागे लागू नको. कानावरची गादी मऊ हवी, वायर काढून बदलता यायला हवी. बस्स."

ओळखीच्या ट्रेलर ड्रायव्हरबरोबर त्याने हेडफोन पाठवले. गुरुवारी मिळाले.

शुक्रवारी अर्धा कॅम्प नमाजला गेला, उरलेला झोपला. मी दार लावून बसलो. हेडफोन चढवले आणि जग बंद झालं. वस्तू झकास होती, खोटं कशाला बोलू!

जुनं रेकॉर्डिंग लावलं.

सुरेश खाकरला.

मला एकदम भरून आलं. त्या फूटपाथवरच्या हेडफोनमध्ये मला त्याचा श्वास कधी ऐकूच आला नव्हता. आता तो कानाशी बसल्यासारखा वाटत होता.

शोधत गेलो. एके ठिकाणी तो म्हणाला होता, "अलका ओरडेल." एके ठिकाणी, "मी परत घेतो." आणि एके ठिकाणी माझ्या गाण्याला हसून, "आज गळा बरा आहे."

तुकडे कापले, जोडले. अलका... मी... बरा आहे.

प्ले केलं.

"अलका... मी..."

पुढे काहीच नाही.

म्हटलं, कापताना चुकलं. स्क्रीनवर बघितलं. शेवटचे दोन शब्द तिथे होते. आवाजाची रेघ चांगली वरखाली झालेली दिसत होती. परत लावलं.

"अलका... मी..."

रेघ सरकली. शब्द आले नाहीत.

जुने हेडफोन लावले. "अलका, मी बरा आहे." अगदी स्पष्ट!

नवे लावले.

"अलका... मी..."

आणि ह्या वेळी त्या रिकाम्या जागेत श्वास होता... कुणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि बोलू नये, तसा.

च्यायला, वायर गेली असेल, असं मी मोठ्याने म्हणालो. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

तेवढ्यात लाईट गेली.

एसी थांबला. कॉम्प्युटर थांबला. स्क्रीन काळी पडली.

हेडफोन अजून माझ्या कानावर होते.

श्वास चालूच होता...

मी हललो नाही. हलताच येईना. वायर बंद कॉम्प्युटरला लावलेली. आणि मग आतून, अगदी साध्या आवाजात, रोज खाटेवरून बोलायचा तसा...

"असू दे, दौलत. मी बघतो."

मी हेडफोन फेकले आणि अनवाणी बाहेर पळालो. तळपाय भाजले तरी उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. नमाजहून परतलेल्या हुसेनमियाँनी मला कॅन्टीनच्या सावलीत बसवलं, पाणी पाजलं. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत.

मग मला आठवलं. अलकाच्या मिस कॉलची वेळ होऊन गेली होती.

हुसेनमियाँनी खोलीतून माझा मोबाईल आणून दिला. मी फोन लावला. म्हटलं, आता जे होईल ते होवो, खरं सांगायचं.

तिने उचलला.

"अलका, ऐक, मला तुला काहीतरी..."

"कळलं, भावोजी." तिचा आवाज थकलेला होता. "मघाशी फोन आला ना तुमच्या नंबरवरून. हेच बोलले. मी अंघोळ केलीय. सुतक धरलंय. दोन घास खाल्लेसुद्धा, हे म्हणाले पोरासाठी खा."

हुसेनमियाँनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, कॉलची यादी वरखाली केली. तिच्या नंबरावर त्या दिवशीचा एकच कॉल होता, आत्ता लावलेला.

पुढे कागद हलले. मयत घरी गेली. अलकाला मुलगा झाला, धडधाकट. सगळे म्हणाले, देवाची कृपा. मीही तेच म्हणालो आणि स्वतःची समजूत घातली. सुरेश माझा यार होता. त्याने बायकोला आणि पोराला सांभाळलं, ह्यात घाबरण्यासारखं काय आहे?

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा तिला भेटायला गेलो. पोरगं अंगणात पळत होतं. अलकाने चहा दिला. जरा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तिने घरात कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"भावोजी, एक विचारू? त्या दिवशी ह्यांच्याबरोबर कोण कोण होतं?"

"कुठे?"

"फोनवर. हे बोलत होते तेव्हा मागे किती जण होते! कुणाची भाषा कळत नव्हती. सगळे मधे मधे बोलत होते. ह्यांच्या हातातून फोन ओढून घेत होते जणू."

मी चहा खाली ठेवला.

"एक जण मराठीत बोलत होता. सारखा गावाचं नाव सांगत होता, आईचं नाव सांगत होता. म्हणत होता, माझ्या पण घरी कळवा, वहिनी..."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"मला ती नावं नीट ऐकू आली नाहीत. तुम्हाला माहीत असेल. कळवलंत ना त्याच्या घरी?"

मी हो म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो? तो कोण, कुठला, किती दिवस त्या शवागारात पडून होता, मला काही माहीत नाही. परत गेल्यावर हुसेनमियाँना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. आपल्याकडे अजून कुठेतरी एखादी म्हातारी शेजाऱ्यांना सांगत असेल की माझा मुलगा तिकडे आजारी आहे, बरा झाला की येईल.