थॉर्नबीची मूठ

शुक्रवारी दुपारी मी कोर्टाच्या दप्तरखोलीत गेलो, तो फक्त एक तारीख तपासायला. ओडेसा बीवन्सबाईंनी पाठवलं म्हणून.

बाईंचं वय ऐंशी. गावाबाहेरच्या टेकाडावर त्यांच्या आठ पिढ्या पुरलेल्या. सोमवारी कोर्टानं हो म्हटलं की तिथं बुलडोझर फिरणार आणि वर गाड्या उभ्या राहणार. का? तर जमीन थॉर्नबी घराण्याची. मूळपुरुष एझेकिएल थॉर्नबीनं ती १६८७ साली मर्सी केनकडून घेतली म्हणे. मर्सी म्हणजे ओडेसाबाईंच्या घराण्यातली गुलामीतून सुटलेली पहिली बाई.

आणि थॉर्नबींचा वकील कोर्टात नाचवत होता तो लेख माझाच. तीस वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या उत्सवासाठी, गावचा इतिहासकार म्हणून मी लिहिलं होतं: ‘जमीन देण्याच्या त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मर्सीनं मातीचं ढेकूळ आणि हिरवी डहाळी स्वतःच्या हातानं थॉर्नबीच्या हातात ठेवली. केवढा हा विश्वास!’ एकही कागद न उघडता लिहिलेला कचरा.

“लिहिताना हात थरथरला नाही, मग आता पाय का लटपटतायत?” बाई म्हणाल्या होत्या. “जा, बघून ये.”

खरेदीखत सापडलं. नऊ मे. चार साक्षीदारांची शपथ: ढेकूळ तिच्या हातातून त्याच्या हातात गेलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

मग त्याच वर्षाची कोर्टाची वही काढली. तीन मे, पंचनामा. खाडीत बुडालेली बाई, मर्सी केन. त्याच दिवशी पुरली.

मी तारखा पुन्हा वाचल्या. पान उलटलं. नऊ मे, चर्चच्या कारभाऱ्याची तक्रार: मर्सीची कबर कुणीतरी उकरली आहे.

म्हणजे चौघांच्या शपथेत एक अक्षर खोटं नव्हतं. उकरलेल्या कबरीच्या काठावर उभं राहून त्यांनी ते पाहिलं होतं. हरामखोर!

त्या दिवसाआधी थॉर्नबीच्या सह्या वळणदार आहेत. त्यानंतर मरेपर्यंत प्रत्येक कागदावर डाव्या हातानं ओढलेली वेडीवाकडी फुली. एका नोंदीत कारण दिलंय: उजवी मूठ उघडत नसल्यामुळे शपथेला हात वर करण्यातून माफी.

तेवढ्यात वास आला. खाडीच्या चिखलाचा, ओला.

“हॉर्टन, खिडकी उघडी आहे का रे?”

कारकून हॉर्टननं मान वर केली. “या खोलीला खिडकीच नाही, साहेब.”

पान उलटायला गेलो... उजवा हात मिटलेला होता. उघडेना.

शनिवार गेला, रविवार गेला. डॉक्टर म्हणाले, नस आखडली असेल. पण मुठीत काहीतरी गार होतं.

सोमवारी मला साक्षीला बोलावलं.

“उजवा हात वर करा,” कोर्टाचा शिपाई म्हणाला.

मी मूठच वर केली. थॉर्नबींचा वकील हसला. “काय हो, ठोसा मारायचाय?”

“मारायचाय. पण आधी मलाच,” मी म्हणालो. “न्यायाधीशसाहेब, तो लेख खोटा आहे. मी काही न वाचता लिहिला. मर्सी केननं जमीन दिली नाही. तिचं प्रेत उकरून तिच्या हातातून ती घेतली.”

बोटं एकेक करून सुटली. टेबलावर ओलं ढेकूळ पडलं. त्यात एक डहाळी होती, भर नोव्हेंबरात हिरवीगार. ओडेसाबाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांनी ढेकूळ ओंजळीत घेतलं आणि पदरात ठेवावं तसं कोटाच्या आत ठेवलं.

“चल गं,” त्या पुटपुटल्या, “घरी.”

वह्या तपासून होईपर्यंत टेकाडाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. दोन्ही बाजूंनी हुकमावर सह्या करायच्या होत्या. आजचा थॉर्नबी, चाळिशीचा धडधाकट माणूस, सकाळीच उजव्या हातानं सगळ्यांशी हस्तांदोलन करत फिरत होता. आता तो हात त्यानं खिशातून काढलाच नाही.

कागद पुढे सरकला. त्यानं डाव्या हातात पेन धरलं आणि खाली एक वेडीवाकडी फुली ओढली.