बन्सीआप्पांचं चोरबटण

कापसाच्या पळाट्या जरा जाळात सार रे पार्थ. विहिरीवरच्या मोटारीची लाईट बाराला यायचीय, तोवर शेकत बसायचं आणि मोबाईल खिशात ठेवायचा. ही गोष्ट त्यात सापडायची नाही. मला ती पुंजाराम मिस्तरीनं सांगितली. मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, खोटं बोलणारा माणूस मला तिकीट मागायच्या आधी कळतो. पुंजाराम खोटं बोलत नव्हता.

पुणतांब्याचा अंगद, त्याच्या घरची ही गोष्ट. दोन वर्षांपूर्वीची, पौषातली वद्य दशमी. मंगळवार सरून बुधवार लागलेला आणि घड्याळात पावणेदोन. अंगदच्या पोरीची, सुकन्याची, त्या दिवशी नगरला पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. पाचला हजर व्हायचं, साडेपाचला फाटक बंद. दोनदा थोडक्यात हुकलेली पोरगी, आणि वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती. चार वर्षं ती नदीच्या रस्त्यानं रोज अंधारात पळत होती. बापाला दुसरं काही सुचत नव्हतं. पोरीला जीपमध्ये बसवायचं आणि नगर गाठायचं, बस्स.

जीप बन्सीआप्पांची, म्हणजे अंगदच्या वडलांची. आप्पा त्या रात्रीच्या आठ महिने आधी गेलेले. जुनी डिझेल जीप, पण आप्पांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली. कुणी पळवू नये म्हणून चालकाच्या सीटखाली चोरबटण बसवून घेतलेलं. ते दाबल्याशिवाय डिझेलच्या पंपाला करंटच जायचा नाही, मग चावी कितीही फिरवा. आप्पा दिवसभर तंबाखू मळायचे, अंगठ्याला कायम चुना. त्यामुळे त्या बटणावरही चुन्याचं पांढरं पुट बसलेलं. आप्पा गेले आणि ते बटण कुठंय हेच घरात कुणाला ठाऊक नाही! दोन दिवस शोधलं. शेवटी पुंजाराम मिस्तरीनं ते हुडकलं, काढलं, वायरी सरळ जोडून काळा टेप गुंडाळला आणि बटण आपल्या गॅरेजात खिळ्याला टांगलं. तेव्हापासून जीप नुसत्या चावीवर चालायची. एवढं ध्यानात ठेवा.

तर पावणेदोनला अंगदनं चावी फिरवली. घर्र घर्र घर्र. सेल्फ फिरतोय, इंजिन काही पकडत नाही. थंडी आहे म्हणून हिटर दिला, परत मारली. काही नाही. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं.

"पप्पा, बॅटरी उतरंल," सुकन्या म्हणाली.

अंगदच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. संध्याकाळी धाकटा भाऊ वाल्मिक आईला भेटायला आलेला. जाताना जीपपाशी थांबला होता, बोनेटवर हात ठेवून उभा होता, हे अंगदनं गोठ्यातून पाहिलं होतं. दोघा भावांचं पावसाळ्यापासून बोलणं बंद. बांधावरचा लिंब अंगदनं न विचारता तोडला, तिथून जे फाटलं ते फाटलंच. वाल्मिक तिकडं दुसऱ्या वस्तीवर राहायचा. आणि पूर्वी एकदा तो भर पंगतीत म्हणाला होता, 'पोरीच्या जातीला पोलिसात कशाला घालायचं?' म्हणून तर अंगदनं भरतीची तारीख त्याच्यापासून लपवली होती. आईलाही शपथ घातली होती.

"त्यानंच काईतरी केलंय," अंगद दात खात म्हणाला. "माझ्या पोरीच्या मुळावर उठलाय."

"कोन?" ओट्यावरून भीमाबाईनं, त्याच्या आईनं विचारलं.

"तुझा लाडका."



सव्वादोनला अंगद पुंजारामला झोपेतून उठवून घेऊन आला. मिस्तरी कानटोपी घालून, शिव्या घालत आला. पण टॉर्चचा उजेड बोनेटमध्ये पडला की त्या माणसाची झोप उडते. त्यानं बॅटरी पाहिली, हेडलाईट झगझगीत. टाकी पाहिली, अर्धी भरलेली. नट सैल करून हातपंप मारला. डिझेल स्वच्छ आलं, हवेचा एक बुडबुडा नाही. मग बॅटरीवरून थेट वायर पंपाला लावली. टक् असा आवाज आला. म्हणजे पंपही उघडतोय. चावी मारली.

घर्र घर्र घर्र.

"पाना लावल्याच्या खुणा दिसत्यात का कुटं?" अंगदनं विचारलं. "वायर तोडलेली, कायबी?"

"कायसुदिक न्हाई. कुनी हातच लावल्याला न्हाई, अंगदा."

"नीट बगा. साखर टाकली आसंल टाकीत."

"आरं डिझेल चाखून पाह्यलं मी!"

मग धक्का मारला. अंगद, सुकन्या, तिची आई रोहिणी, तिघांनी उतारावर ढकलली, मिस्तरीनं गिअर टाकला. चाकं फिरली, इंजिन हिसके खात फिरलं, आणि उताराच्या शेवटी जीप गपकन उभी राहिली. घामानं भिजले सगळे, पौषाच्या थंडीत! गावातल्या दोन गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेलेल्या. मोटारसायकलवर नव्वद किलोमीटर न्यावं, तर पोरीचे पाय आखडणार, ती पळणार काय कपाळ? सुकन्या रस्त्याच्या कडेला बसली. रडली नाही. नुसते बुटाचे बंद सोडायची, बांधायची. 

पुंजाराम डोकं खाजवत म्हणाला, "डिझेल हाय, करंट हाय, हवा हाय. इंजिनाला आनखी काय लागतं? मला तर समजंना झालं."

तोवर भीमाबाई काठी टेकत उतारावर आली. म्हणाली, "मला समजलंय. वाल्मिकला बोलव."

"आई, तू मधी बोलू नको."

"घाटावर काय झालं इसारला का तू?"

अंगद विसरला नव्हता. विसरायचा प्रयत्न करत होता. आप्पांचा दहावा, गोदावरीचा घाट, आणि कावळा शिवेना. नऊ वाजले, दहा वाजले, साडेअकरा झाले. कावळे समोर झाडावर बसलेले, एक खाली उतरेना. भीमाबाई म्हणाली, 'मी पोरांना सांभाळीन.' नाही. अंगद म्हणाला, 'आप्पा, जीप इकनार न्हाई.' नाही. मग वाल्मिक पुढं झाला. आप्पांनी ज्याला आपल्या मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवलं, तो हा वाल्मिक. पोलिसाच्या नादाला नावं ठेवणारा. हात जोडून म्हणाला, 'आप्पा, सुकीला भरतीला तुमी नेनार हुता. आता मी नेतो. तुमच्याच जीपमधी, माझ्या हातानं.'

कावळा झपकन खाली आला होता.

"त्यानं शबूद दिलाय," म्हातारी म्हणाली. "तू कोन मोडनारा?"

"मी त्याच्या दारात जानार न्हाई. मेलो तरी न्हाई."

पुंजाराम मधे पडला नाही. म्हणाला, पहिल्यापासून बघू. पान्यानं बॅटरीची टर्मिनल सोडवली. दोन्ही वायरी काढून बाजूला ठेवल्या. तीन वाजायला दहा मिनिटं कमी होती...

पंधरा मिनिटं गेली असतील. वस्तीच्या बाजूनं मोटारसायकल आली. भरधाव. वाल्मिक होता. अंगात बनियन, वर घोंगडी, गळ्यात तुळशीची माळ. आला तो ओरडतच.

"किती येळ हॉर्न वाजवताय? काय झालंय? आई बरी हाय ना?"



"हॉर्न?" पुंजाराम म्हणाला.

"तीनदा. मग थांबून तीनदा. आप्पा मला उठवायचे तसं. दहा मिनटं वाजतोय... म्हनलं घरात काय झालं का काय."

पुंजारामनं खाली पाहिलं. बॅटरीच्या वायरी मातीत पडल्या होत्या. पाना त्याच्या हातात होता.

आणि तिथं उभ्या असलेल्या एकानंही हॉर्न ऐकला नव्हता.

"खोटं बोलतो," अंगद म्हणाला. "संध्याकाळी काय केलं गाडीला? बोल!"

"गाडीला?" वाल्मिकनं माळ हातात धरली. "ह्या माळंची आन, दादा. आप्पांची याद आली म्हनून हात ठिवला. आन आता ह्या येळंला पोरगी बूट घालून का बसलीय?"

सुकन्या उठली.

"तात्या, आज माजं ग्राउंड हाय. पप्पानी तुमाला सांगितलं न्हाई." मग बापाकडं वळली. "चावी द्या त्यांला."

अंगदनं चावी मुठीत आवळली होती. ज्यानं गाडी बिघडवली असा संशय, त्याच्याच हातात पोरगी द्यायची... पण घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली होती. त्यानं मूठ उघडली.

मिस्तरीनं टर्मिनल जोडली. वाल्मिक बसला. अर्धी चावी फिरवली.

जीप सुरू झाली.

पहिल्या झटक्याला! पुंजारामच्या हातून पाना पडला म्हणे.

श्रीरामपूर, राहुरी, नगर. पुढं वाल्मिक आणि सुकन्या, मागं अंगद. पाच वाजून वीस मिनिटांनी जीप फाटकाशी उभी राहिली आणि सुकन्या पळत आत गेली. काळजी करू नका, पोरगी पास झाली. आज खाकी घालते. पण गोष्ट ती नाही.

वाल्मिक चहा आणायला टपरीकडं गेला. अंगद एकटा. उजाडलं नव्हतं. मनातला संशय जाईना. हॉर्न म्हणे वाजला! यानंच गुपचूप काहीतरी बसवलं असणार, त्यानंच चालू केलं असणार... तो चालकाच्या जागेवर बसला. सीटखाली हात घातला. चाचपलं.

बोटांना बटण लागलं.

गोल. गार. अंगठ्यानं दाबलं. टक्.

सापडला चोर! अंगदचं रक्त उसळलं. त्यानं तिथूनच पुंजारामला फोन लावला. "मिस्तरी, तुमी बटन काढलं हुतं ना? वाल्यानं परत बसवलंय. माझ्या हाताला लागलं आत्ता."

पलीकडं मिस्तरी गॅरेजात चहा पीत बसलेला.

"अंगदा... बटन माझ्या म्होरं हाय. खिळ्याला. मी बगतोय त्याच्याकडं."

अंगद खाली उतरला. गुडघ्यावर बसला. मोबाईलचा उजेड सीटखाली धरला.

दोन वायरी. सरळ जोडलेल्या. वर काळा टेप, मिस्तरीनं गुंडाळला होता तसाच, धूळ बसलेला.

बटण नव्हतं.

वाल्मिक माळकरी, सुपारीसुद्धा खात नाही. अंगदनं लेकीच्या सांगण्यावरून तंबाखू कधीच सोडलेली...

त्यानं उजवा हात उजेडात धरला.

अंगठ्याला चुना होता. ओला.