उन्हात न लावायचं तेल

एप्रिलच्या कोरड्या सकाळी आगाशीच्या थांब्यावर एसटीतून छत्री घेऊन कोण उतरतं? उन्नतीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण त्या तरुणाला दिसायचं ते दिसलंच.

"आईने दिली," तो म्हणाला. "वसईच्या उन्हाला आमच्या घरात फार घाबरतात. राऊतांचं घर कुठे?"

"कुठले राऊत? इथे दगड भिरकावला तर राऊतालाच लागेल."

"भालचंद्र राऊत. केसांचं तेल करतात."

"मग पत्ता कशाला विचारता? नाक आहे ना?"

त्याने खरोखरच मान वर करून वास घेतला. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, मधून लाल मातीची वाट... आणि कुठूनसा लिंबाच्या सालीचा हिरवा, झोंबरा वास.

"डावीकडे," तो म्हणाला.

"बरोबर. आता ही लिंबांची पिशवी धरा. तिकडेच चाललेय मी."

असा कौस्तुभ घरात आला, लिंबांचं ओझं वाहत. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत तो रसायनतज्ज्ञ होता आणि एव्हरशाईन सिटीत आईवडिलांबरोबर राहत होता. दादरच्या एका दुकानदाराला भालचंद्र राऊतांचं तेल विकायला ठेवायचं होतं, पण आधी तपासणी हवी होती. म्हणून भालचंद्रांनी, म्हणजे उन्नतीच्या बाबांनी, एक बाटली प्रयोगशाळेत पाठवली होती.

"निकाल फोनवर सांगता आला असता," उन्नती म्हणाली.

"आला असता. पण तेल कोण लावतं, ते फोनवर दिसत नाही."

बाबा खुशीत होते. उन्नतीची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून घरात ही बापलेक, मागची वाडी आणि तेलाची शेड. बाबांनी पाहुण्याला आपली काटेरी परात दाखवली. पितळी परातीला आतून टोकं काढलेली. तिच्यात अख्खं लिंबू दाबून फिरवायचं, सालीतून तेलाचे बारीक थेंब फुटतात, ते टिपून घ्यायचे.

"वाफेवर काढलं की वास मरतो," बाबा म्हणाले. "माझं दाबून काढलेलं. आणि केसांच्या तेलात ते घालताना हात सढळ आहे माझा."

"तेच सांगायला आलोय," कौस्तुभ हळूच म्हणाला. "दाबून काढलेल्या तेलात सालीतलं एक द्रव्य उतरतं. ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, मग काळे डाग राहतात. म्हणून अंगावर राहणाऱ्या गोष्टींत हे तेल किती घालायचं, याला सुगंधी द्रव्यांच्या नियमांत मर्यादा आहे. शंभरात एक भागसुद्धा नाही. तुमच्या तेलात त्याच्या कितीतरी पट आहे."

"लिंबाने कधी कुणाला भाजलंय का?" बाबा हसले.

"तेल लावून उन्हात कोण काम करतं?"

बाबांचं हसू तिथेच राहिलं. वाडीत सोनचाफा खुडायला येणाऱ्या बाया पहाटे डोक्यावर तेल थापायच्या, अंबाडा घट्ट बांधायच्या आणि फुलं उतरवून झाली की दुपारपर्यंत भाजीच्या वाफ्यांत वाकलेल्या असायच्या. तेल घामाबरोबर मानेवर उतरायचं. प्रत्येक नव्या घाण्याची पहिली बाटली बाबा त्यांनाच फुकट द्यायचे.

त्यांनी त्या बायांतल्या आल्बिनाबायला हाक मारली. तिने मान वळवून दाखवली. केसांखालून पाठीकडे तपकिरी ओघळ उतरलेले.

"मला वाटलं, वय झालं," आल्बिनाबाय म्हणाली. "नवरा रोज म्हणतो, मान घास. घासून जाणारं आहे का ते, भालूदादा?"

बाबा कौस्तुभला म्हणाले, "जेवून जा." आणि आग्रहाने वाढलं.

संध्याकाळी ते स्वतः घरोघर फिरून बाटल्या परत घेऊन आले. जेवताना उन्नतीला म्हणाले, "उद्या वाफेवर काढून बघू, बाय. वास मरेल, पण बघू."

सकाळी तिने नेऊन ठेवलेला चहा निवून गेला. बाबा झोपेतच गेले होते.

पावसाळाभर शेड बंद राहिली. भेटायला आलेल्यांना उन्नती चहा द्यायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. रडली नाही, म्हणून काहीजणींनी नावंही ठेवली. राऊतांच्या घरात मनातलं बोलायची रीतच नव्हती. माया असली की ताटात वाढायची.

गणपतीनंतर दादरच्या दुकानदाराचा निरोप आला: माल हवा, पण तोच वास हवा. उन्नती तडक प्रयोगशाळेत गेली.

"आहे तसं पास करा."

"नाही," कौस्तुभ म्हणाला.

"बाटलीवर लिहिते मी, उन्हात जाऊ नका म्हणून."

"आल्बिनाबाय उन्हात गेली नाही तर खाणार काय?"

मग तो खाली बघत म्हणाला, "एक विचारू? त्या दिवशी मी आलो नसतो तर... बाबा..."

"डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलं होतं. आणि तुम्ही आला नसतात तर त्यांनी आणखी एक घाणा वाटला असता. तुमच्यावर राग नाही माझा." ती दाराकडे वळली. "पास करत नाही, याचा आहे."

"तेवढा चालेल," तो म्हणाला.

मग रविवारी कौस्तुभ आगाशीला येऊ लागला. काचेचं भांडं, नळी, स्टोव्ह... वाफेवर तेल उतरलं. नियमात बसणारं, निर्धोक. उन्नतीने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"काय झालं?"

"लिंबाच्या गोळीसारखा येतोय. शाळेबाहेर मिळायच्या तसल्या."

"मला आवडायच्या त्या."

"तुम्हाला सगळंच आवडतं."

"सगळं नाही," तो म्हणाला, आणि स्टोव्हला उगाचच पंप मारत बसला.

तेलात आता हाच वास जाणार, हे तिने मान्य केलं. पण बाबांचा वास घरातून कायमचा जाणार, हे तिला सोसत नव्हतं. एका दुपारी ती त्याने आणलेले नियम वाचत बसली होती. एकाएकी तिने मान वर केली.

"ही मर्यादा अंगावर राहणाऱ्या गोष्टींना आहे. धुवून टाकायच्या गोष्टींना?"

कौस्तुभने पुन्हा वाचलं. "नाही... त्यांना नाही." मग हसून म्हणाला, "साबण. मला कसं सुचलं नाही?"

"तुम्ही गोळ्या आठवत होता."

तिने काटेरी परात काढली. लिंबं तिने दाबली, थेंब त्याने टिपले. आल्बिनाबाय डोकावून गेली आणि जाताना म्हणाली, "एका परातीत चार हात कशाला लागतात गं?" उन्नतीचे कान तापले. कौस्तुभने लिंबू खाली पाडलं.

साबण मुरायला दिवस लागले. पहिली वडी हातात आली तेव्हा दोघं विहिरीजवळच्या दगडावर उभे होते. केळीची पानं वाऱ्यावर सळसळत होती. तिने हातांवर फेस केला, आणि तो वास आला. हिरवा, झोंबरा, बाबा शेडमधून घरात शिरताना यायचा तसाच. कौस्तुभ तांब्याने पाणी ओतत होता. पाण्याबरोबर वास ओसरत गेला.

"राहत नाही," ती म्हणाली.

"राहत नाही, म्हणूनच चालतो. पुन्हा हात धुवायचे."

तिने ओले हात पुढेच धरून ठेवले. त्याने खिशातला रुमाल काढला, थोडा घुटमळला... आणि तिचे हात स्वतःच पुसू लागला, एकेक बोट, सावकाश. तिने हात मागे घेतले नाहीत.

"मला बाबांची फार आठवण येते," उन्नती म्हणाली. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती थांबली नाही. "आणि तुमची... तुम्ही समोर असलात, तरी येते."