देवचंदनानांची वळकटी

"काडेपेटी उचल, सुजाता! आधी काडेपेटी!" हर्षला कुजबुजली.

सुजाताने काडेपेटी फ्रॉकखाली दडवली आणि तिच्यावरच बसकण मारली. चेहरा असा, जणू जन्मात काडेपेटी पाहिली नाही!

"अगं बाई, इथंच तर ठेवली होती!" शिरपूरच्या बेबाबाई पातेली हलवून शोधू लागल्या. खिचडीसाठी स्टोव्ह भरून तयार होता.

ऑगस्ट नव्वद. कुवेतमध्ये युद्ध पेटलं आणि मिळेल त्या मालवाहू जहाजात माणसं कोंबून निघाली. सावद्याची हर्षला सुट्टीत बाबांकडे आली होती. तिची सुट्टी तोफांनी लांबवली. मेहरूणचा मिलिंद आणि त्याची धाकटी बहीण सुजाता तिला जहाजाच्या पोटातल्या या कोठारातच भेटली. इथे कोणी कोणाचं नव्हतं. पण क्षितिजावर लढाऊ जहाज दिसल्याची हाक वरून आली, की शेजारी बसलेल्याचा हात आपोआप हातात यायचा.

"झालंय काय?" मिलिंदने विचारलं.

"लसणाचा वास येतोय," हर्षला म्हणाली.

"मग? खिचडीला लसूण लागतोच!"

"अरे, लसूण जहाजावर आहे कुठे? हा कार्बाईडचा वास! आमच्या वखारीत केळी पिकवायला त्याच्या पुड्या ठेवतात. ओल लागली की गॅस सुटतो. एकदा काकांनी तिथे विडी पेटवली. वखारीचं दार उडालं ते निंबाच्या शेंड्यावर जाऊन बसलं, आणि काकांची डावी मिशी अजून उगवली नाही!"

दाराचं खरंखोटं देव जाणे. सावद्यात तो निंब अजून दाखवतात. मिशीचं मात्र खरं.

मिलिंद हसला नाही. कोठारात शेकडो माणसं होती, तान्ही पोरं होती.

"यादवसाहेब, स्टोव्ह पेटवू देऊ नका! गॅस आहे!" हर्षला ओरडली.

"बाहेर लढाई चाललीय आणि तुम्हाला खेळ सुचतात?" कोठारातली शिस्त सांभाळणाऱ्या यादवसाहेबांनी खिशातून लायटर काढला. "घ्या बेबाबाई, हा घ्या!"

लायटर बेबाबाईंपर्यंत पोचलाच नाही. मिलिंदने तो मध्येच झडपला आणि शिडीवरून वर धूम ठोकली!

"पकडा त्याला! चोर!" यादवसाहेब मागे, त्यांच्यामागे निम्मं कोठार. बघता बघता खाली मोकळी वाट झाली.

हर्षला नाक पुढे करून निघाली. कोपऱ्यात धुळ्याचे देवचंदनाना आपल्या वळकटीवर बसले होते. वर डेक धुतल्याचं पाणी फटीतून थेंबथेंब त्या वळकटीवर पडत होतं. वास तिथेच!

"नाना, यात काय आहे?"

"काहीच नही."

"नाना, तुम्ही वेल्डिंग करता ना? त्याच्या गॅसला लागणारं कार्बाईड आहे ना?"

नाना वळकटीला बिलगले. "मनं दुकान शे बेटा यामा. बठ्ठं तिकडेच ऱ्हायनं, एवढंच वाचनं. कप्तानले सांगशी, ते फेकी देई."

"तुमचं दुकान एवढंच वाचलं हे खरं, पण चादर भिजलीय, नाना! आतून फसफस ऐकू येतेय!"

"अगं बाई, ओतू का पाणी?" बेबाबाई बादली घेऊन धावल्या.

"पाणी नको!" हर्षला किंचाळली आणि दोन्ही हात पसरून वळकटीपुढे उभी राहिली. "पाण्यानंच मरू आपण!"

सुजाता अजून काडेपेटीवर बसून होती. दोन्ही मुठींनी तिने फ्रॉक जमिनीशी दाबून धरला होता. नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग वळकटी सोडली, आतला लोखंडी डबा उरापाशी धरला आणि एकटेच शिडी चढले.

त्यांनी डबा समुद्रात टाकला. पाणी फसफसून पांढरं झालं, दुधाला उकळी फुटावी तसं. ते बघून यादवसाहेबांनी मिलिंदचं धरलेलं मानगूट सोडलं.

"कोणाचा हा डबा?" कप्तान गरजले.

हर्षला आणि सुजाताही वर आल्या होत्या, पण तिघांपैकी कोणी नानांकडे बोट केलं नाही.

"माझा, साहेब," नाना म्हणाले. "कार्बाईड होतं. पोरांनी वासावरून ओळखलं, त्यांचा काही दोष नाही."

कप्तानांनी त्या पांढऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली. "पोरांनो, या जहाजावर आज जेवढी माणसं जिवंत आहेत, ती तुमची देणेकरी आहेत."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बायका पोरांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. नाना कठड्याशी रिकामे हात घेऊन उभे होते.

बेबाबाई त्यांच्याजवळ गेल्या. "नाना, शिरपूरला माझ्या खळ्याला फाटक नाही. तुम्हीच करून द्यायचं."

"आणि माझ्या खिडक्यांना गज," यादवसाहेब खाली मान घालून म्हणाले.

नानांनी बाहीने डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं,

"फाटक एका झडपेचं करू, का दोन झडपांचं?"