वाऱ्याबरोबर पेटलेला राब

मुरबाडच्या चौकीत धाकलूला बसवून ठेवलं होतं. त्याच्या शेतात राबासाठी, भातरोपांची जमीन भाजायला पसरलेला पाला पेटला, ठिणग्या शेजारच्या प्रयोगशेडवर पडल्या आणि चाचणीच्या आदल्या दिवशी इंजिन जळालं. चीनच्या लढाईनंतरचे दिवस. घातपात ठरला, तर धाकलूची उभी हयात तुरुंगात जाणार होती.

"इंजिन कसलं?" गुप्तहेर घारपुरे यांनी विचारलं.

"आवाजाच्या पाचपट वेगाचं," त्यांना बोलावून घेणारे तळवलकर म्हणाले. "शत्रूचं क्षेपणास्त्र वाटेतच गाठायला. ते लष्कराच्या कामाचं आहे का, हे मी ठरवणार होतो."

"उन्हाळाभर रोज चालवलंय!" इंजिनाचे कर्ते राजाध्यक्ष उसळले. "गर्जना अशी, की छाती हादरावी. आता माझ्या आकड्यांवरच शिफारस करा."

शेतावर पश्चिमेचा वारा होता. शेड पूर्वेच्या बांधाला. घारपुऱ्यांनी काठीनं राख उकरली. खाली पाला कच्चाच. शेजारच्या शेतातला राब मात्र मातीपर्यंत जळलेला.

शेडजवळच्या आंब्याला झोळी होती. धाकलूची बायको जनी तान्ह्याला झोका देत होती.

"राब कुठून पेटवता?"

"शेडीकडनं. वाऱ्याच्या तोंडावर."

"मग झालंच की!" घारपुऱ्यांचे मित्र सदुभाऊ पुटपुटले.

"पोर इथंच निजतं?"

"उन्हाळाभर हितंच."

"दचकत नाही?"

"कशाला दचकल? हितं पाखरू नाय वरडत." तिनं झोका थांबवला. "त्यांना सोडवा, साहेब. त्यांनी नाय पेटवला."

संध्याकाळी चौकीत घारपुरे बोलू लागले.

"शेडकडून पेटवलेली आग वाऱ्याच्या उलट, शेडपासून दूर सरकते. सावकाश, मातीपर्यंत जाळत. ही आग वरवर धावली, म्हणजे पश्चिमेकडून लावली. कुठलाही शेतकरी असा राब वाया घालवणार नाही."

"मग कोणी?" सदुभाऊंनी विचारलं.

"चाचणी नको असलेल्यानं. छाती हादरवणाऱ्या गर्जनेशेजारी तान्हं पोर उन्हाळाभर झोपलं, सदुभाऊ! इंजिन कधी चाललंच नाही. ते जळालं, तर खोटे आकडेच उरणार होते. खरं ना, राजाध्यक्ष?"

हवालदार राजाध्यक्षांच्या मागे येऊन उभा राहिला.

धाकलू बाहेर आला. "परत पाला तोडाया लागंल गो," तो जनीला म्हणाला.

तळवलकर पायरीवरच थबकले. "उद्या मी त्याच आकड्यांवर शिफारस लिहिणार होतो. मुंबईच्या रक्षणासाठी."

आभाळ मोकळं होतं. तरी ते वर बघत राहिले.