यादीतली दुसरी ओळ

बसा नीट, आणि ते मोबाइल पालथे ठेवा. ज्याचं सांगतोय तो पुस्तकांची प्रुफं तपासतो. आम्ही त्याला प्रुफवालाच म्हणतो. त्याचा कॉम्प्युटर मीच दुरुस्त करतो, म्हणून हे ऐकीव नाही.

फेब्रुवारीतला गुरुवार, सहा तारीख. सकाळी आठला एक पुस्तक छापायला जायचं होतं, तेव्हा जागरण ठरलेलंच. त्याच्याकडे लाँचर होता. कळ दाबली की पडद्यावर एक पट्टी उघडते, दोन अक्षरं टाइप केली की फाईल हजर. मोठी सोय. पण महिन्यापूर्वीपर्यंत त्यात एक कटकट होती. 'चित्रसूची' हवी म्हणून 'चि' टाइप करावं, तर आधी यायचं 'चिरंजिवास १', 'चिरंजिवास २'... थेट एकोणीसपर्यंत. वडिलांची पत्रं.

बाप खालच्या खोलीत, मुलगा वर. मध्ये तेरा पायऱ्या आणि चार वर्षांचा अबोला. म्हातारा एका बोटानं टाइप करायचा आणि पत्र घरातल्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवून द्यायचा. पहिल्या पत्राला मुलानं उत्तर काय दिलं? 'चिरंजिव'ची वेलांटी लाल करून पत्र परत पाठवलं. खाली शेरा, 'दीर्घ.' बाकीची अठरा उघडलीसुद्धा नाहीत. डिसेंबरात म्हातारा गेला.

मग ह्यानं पत्रांचं ते 'अण्णा' नावाचं फोल्डर शोधातून वगळलं. सेटिंगमध्ये त्यासाठी यादी असते. तिच्यात फोल्डरचं नाव टाकलं की आतलं काहीही शोधात येत नाही. फाईल जागेवरच असते, पण विचाराल तर नाही.

त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. लग्नावरून बापानं तिचं नाव टाकलं होतं, ते शेवटपर्यंत. जाण्याआधी फोनवर एवढंच म्हणाला होता, की तुझ्याबद्दल जे काय आहे ते दादाला लिहिलंय. तिला तेवढंच हवं होतं, माफ केलं की नाही. पण पत्रं द्यायची तर आपण ती उघडलीच नाहीत हे कबूल करावं लागणार. ह्यानं कॅमेरा पडद्याकडे वळवला आणि तिच्यासमोर 'चिरंजिव' टाइप केलं.

"तूच बघ. काही सापडत नाही."

"असू दे, दादा," ती म्हणाली.

तर त्या गुरुवारी, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, ह्यानं 'चि' टाइप केलं.

काही सापडलं नाही.

पुस्तकाचं नाव टाकलं. नाही. स्वतःचं नाव टाकलं. नाही...

खालून आवाज आला. टक्.

बराच वेळ काही नाही.

टक्...

एका बोटाचा. खालची खोली बंद. किल्ली ह्याच्या टेबलावर, डोळ्यांसमोर.

टक्...

ह्यानं यादी उघडली. एक ओळ असायला हवी होती. दोन होत्या.

वर 'अण्णा'. खाली 'चिरंजिव'.

त्या नावाचं फोल्डर घरात कधी नव्हतंच.

आवाज थांबला.

घाईघाईनं ह्यानं वरची ओळ काढली, 'अण्णा' उघडलं. रिकामं. एकोणीसातलं एकही नाही.

अडीचला बहिणीला उठवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे... लिहिलेलं होतं?"

फोन तिनंच ठेवला. अजूनही ह्याचा फोन ती घेत नाही.

सकाळी त्यानं मला बोलावलं. मी लाँचर काढून नव्यानं घातला. यादीत 'चिरंजिव' ही ओळ होतीच. पुसली, परत आली. मग तो स्वतः खुर्चीत बसला. शांतपणे वेलांटी दीर्घ केली, 'चिरंजीव', आणि मशीन बंद केलं.

"तूच लाव," मला म्हणाला.

लावलं. यादी उघडली.

वेलांटी परत... ऱ्हस्व.