उसनं नाव

मैंदर्गीहून धुळा लेकीकडे सोलापूरला आला, तेव्हा पिशवीत नेहमीच्या कडक भाकऱ्या होत्या आणि तोंडात नेहमीची तक्रार. राजनंदिनीनं दिलेला चहा त्यानं बशीत ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "शिकल्याल्या माणसाचा चहा. दवाखान्यातल्या पाण्यावानी."

ती हसली. ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं बाजूला सारून तिनं त्याला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा घाटात दरीवर लोंबणारी बस एक माणूस नुसत्या हातांनी मागं ओढत होता. चेहरा दिसत नव्हता. धुळानं पाठ बघूनच ओळखलं.

"बिरू हाय. मी गेलो की त्याला हाक मार, नंदे. माझी माती त्याच्या हातानं पडू दे."

"आबा, तुमीच मारा की हाक."

"मारून बघितली. तो तुज्या हाकेची वाट बघतोय. लई आडमुठा, तुज्यावानी."

गावी परतल्यावर दुसऱ्याच सकाळी, मेंढरं सोडता सोडता धुळा मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या जाळ्याला टेकून बसला, तो उठलाच नाही.

राजनंदिनीनं व्हिडिओतल्या त्या माणसाला कधी बिरू म्हटलं नव्हतं. बिरुदेव हे तिच्या जुळ्या भावाचं नाव. शाळेचं तोंडही न बघता तो तापानं गेला. बांधावरच्या बाभळीखाली त्याला पुरलं. आई, केराबाई, अन्नाला शिवेना. मग एका सकाळी धुळा मेंढरांत सापडलेलं पोर घेऊन आला. त्याच्या अंगाला कसलाच वास नव्हता. कुत्री त्याच्यावर भुंकत नसत, लांब बसून नुसती बघत.

कोकरू मेलेल्या मेंढीला पोरकं कोकरू लावायचं, तर धनगर मेलेल्याचं कातडं त्याच्या पाठीवर घालतो. मेंढी हुंगते आणि पाजते. धुळानं बिरूचा सदरा त्या पोराच्या अंगात चढवला. केराबाईनं हुंगलं, पोटाशी धरलं, आणि त्या दिवशी ती जेवली. म्हणून गावानंही तोंड मिटलं. मेंढीला सवय झाली की कातडं उतरवतात. नाव मात्र धुळानं कधी उतरवलं नाही.

शाळेत दाखला बिरूचाच लागला, जागाही तिच्याशेजारची. कधी हसायचं, पळून आल्यावर धापा कशा टाकायच्या, हे तो तिच्याकडे बघून शिकला. कबड्डीत ती दटावायची, "ए, हळू." पाचवीत वर्गाची भिंत समरा नावाच्या मुलीवर कोसळायला लागली, तेव्हा त्यानं ती भिंत एका तळव्यावर तोलून धरली. समरा निसटली. गुरुजी धावत यायच्या आत राजनंदिनीनं आपल्या झग्यानं त्याच्या हाताचा चुना पुसून टाकला.

घरी येताना त्यानं विचारलं, "तू मला बिरू का म्हणत न्हाईस?"

"बिरू बाभळीखाली हाय."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "बोलतो की तो."

काय बोलतो, ते तिनं विचारलं नाही. दहावीनंतर तो घर सोडून गेला.

आता त्याच बाभळीशेजारी धुळासाठी खड्डा खणला होता. ऊन डोक्यावर आलं. चुलता शिवप्पा म्हणाला, पोरगा नाही तर पुतण्या आहे, किती वेळ ताटकळायचं. राजनंदिनीनं हात वर केला. माणसं थांबली.

मेंढरं चरायची थांबली.

सगळ्यांनी माना एकाच दिशेला वळवल्या. बांधाच्या पलीकडे तो उभा होता. येताना कुणाला दिसला नव्हता. छाती हलत नव्हती. मग त्यानं राजनंदिनीकडे पाहिलं आणि तिच्यासारखा श्वास घ्यायला लागला.

बांध ओलांडून तो आत येईना.

केराबाई लेकीकडे बघत होती. राजनंदिनी पुढं झाली.

"बिरू, ये. आबाला माती दे."

"ओ," तो म्हणाला आणि बांध ओलांडला.

"ओ," बाभळीखालून आलं. लहान पोराचा आवाज, झोपेतून उठल्यासारखा.

केराबाईनं मान वळवली ती बाभळीकडे.